मटण न खाल्ल्याचा दाखला

उत्तर कोलकात्यातल्या खगेन हालदार लेनमध्ये दोनशे बारा कुटुंबं राहतात, आणि मटणाविषयी या सगळ्यांचं मिळून एकच मत होतं. ते निवारण लाहिरींचं होतं. ही व्यवस्था सव्वीस वर्षं एकाही तक्रारीविना चालली. निवारणबाबू वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी साडेसहाला ते धुवट धोतर नेसून, काखेत नायलॉनची पिशवी मारून घराबाहेर पडत आणि फटिक माइतीच्या दुकानासमोर दीड मिनिट उभे राहत. आकड्याला टांगलेला बोकड खालून वर पाहत, मग वरून खाली पाहत. मग कोणाकडेही न बघता म्हणत, "आज सीना." तेवढं ऐकून रांगेतली चाळीस माणसं सीना, म्हणजे छातीचा भाग, मागत.

रांगेत माणसांइतक्याच विटा असत. आपली वीट ठेवून माणूस चहाला जाई, आणि तिला पुढे सरकवणं हे मागच्याचं कर्तव्य समजलं जाई. या विटांवरून कधी भांडण झालं नाही. भांडण करायला फटिक पुरेसा होता.

फटिक हा गल्लीतला सर्वांत उद्धट माणूस होता आणि त्याच्या मटणाला तोड नव्हती. दहा बाय आठचं दुकान, बापाच्या वेळचा लाकडी ओंडका, बापाच्याच वेळचा सुरा. गिऱ्हाईक समोर आलं की तो आधी चौकशी करी. "किती माणसं? पाहुणे की घरचेच? घरात दात कोणाकोणाला आहेत?" उत्तर पटलं नाही तर म्हणे, "आज तुमच्या जोगतं नाही. बुधवारी या." बोकड मनासारखा मिळाला नाही तर दुकान उघडतच नसे. लोक शिव्या देत घरी जात आणि बुधवारी येत.

मी गुप्ते. बँकेच्या बदलीवर चौतीस वर्षांपूर्वी इथे आलो, तीन वर्षांत परत जायचं होतं. पहिल्याच रविवारी फटिकच्या बापाच्या हातचं मटण घरी आणलं, बटाटा घालून पातळ रस्सा केला, आणि बदलीचे अर्ज करणं सोडून दिलं. गल्ली मला गुप्तबाबू म्हणते. मी दुरुस्ती करणंही सोडून दिलं आहे.

तर, मागच्या जेठ महिन्यात जमाईषष्ठी आली. आपल्याकडे जावयाला अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण घालतात, इथे दरवर्षी घालतात, आणि त्यात पुरण नसतं. त्या सकाळी निवारणबाबूंनी भादुडींना सांगितलं, "सीना." पाऊण तासाने भवतोष सान्यालांना सांगितलं, "रान," म्हणजे मांडी. भादुडींच्या जावयाने तीनदा मटण वाढून घेतलं. सान्यालांचा जावई एकदाच घेऊन म्हणाला, "झालं माझं."

सान्यालांच्या घरात चार पिढ्यांत असा प्रसंग आला नव्हता. सान्यालबौदी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि सान्याल हे आमच्या तरुण व्यायाम समितीचे अध्यक्ष असल्यामुळे तिसऱ्या दिवशी विशेष सभा लागली. समितीच्या सभासदांचं सरासरी वय एकसष्ट आहे आणि व्यायाम म्हणून कॅरम खेळतात.

"निवारणदा," सान्याल म्हणाले, "एकाच दुकानाबद्दल एकाच सकाळी दोन मतं. याचा खुलासा करा."

"बोकड दोन होते," निवारणबाबू म्हणाले. "पहिला सातला संपला. दुसरा लावला. पहिल्याचा सीना चांगला, दुसऱ्याची रान बरी. आणि तुमच्या घरी मटण शिजवताना कुकरला किती शिट्ट्या दिल्या, ते आधी सांगा."

"शिट्ट्यांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

"मग जावयाचाही नाही."

"हे बघा, बोकड बदलला की मत बदललं, असं चालू दिलं तर सामान्य माणसाने कशावर विसंबायचं? उद्या तुम्ही म्हणाल, रोजचा बोकड वेगळा."

"वेगळाच असतो," निवारणबाबू म्हणाले. "एकच बोकड दोन दिवस कसा मरेल?"

हे उद्गार इतिवृत्तातून वगळण्यात आले. ठराव असा झाला की खाद्यविषयक मत यापुढे लेखी राहील, ते सहा महिने वैध असेल, आणि मधल्या काळात बोकड बदलल्यास त्याचा मतावर परिणाम होणार नाही. नोंदवही कोणाकडे द्यायची हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुप्तबाबूच बरे," भादुडी म्हणाले. "ते तटस्थ आहेत. मटणात नारळ घालणाऱ्या मुलखातले. त्यांचं मत कोणी धरायचा प्रश्नच येत नाही."

अशा रीतीने मी सहचिटणीस (मते) झालो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चौतीस वर्षांत गल्लीने मला पहिल्यांदाच काही लिहायला दिलं होतं.

निवारणबाबूंची पहिली लेखी मतं अजून वहीत आहेत. मंजू केबिनच्या कबिराजी कटलेटविषयी: "बाहेरील अंड्याची जाळी स्तुत्य. आतील कोळंबीचा शोध सुरू आहे." कोपऱ्यावरच्या बिर्याणीवाल्याविषयी: "बटाटा अत्युत्तम. मांसाविषयी माहिती उपलब्ध झाली नाही." भज्यांच्या दुकानाविषयी: "वांग्याचं भजं खाण्यास हरकत नाही. तेलाचं वय विचारू नये." आणि फटिकविषयी: "बोकड निर्दोष. विक्रेता सदोष. रांगेत उभं राहावं."

मतं टाइप करून, शिक्का मारून, दुकानदारांना देण्यात आली. बिर्याणीवाल्याने आपलं मत सोनेरी चौकटीत लावलं. त्याच्याकडे बटाटा मागायला लांबून माणसं येऊ लागली. मंजू केबिनने कोळंबीचा आकार वाढवला. भजीवाल्याने तेल बदललं आणि पंधरा दिवस भज्यांना चव राहिली नाही. फटिकने मताचा कागद घडी करून डगमगणाऱ्या ओंडक्याखाली सरकवला. ओंडका स्थिर झाला.

पहिले दोन महिने हे असं सुरळीत होतं. मग भादुडींनी समितीकडे लेखी तक्रार केली की निवारणबाबूंच्या पिशवीत दर रविवारी कलेजीचे चार तुकडे जास्तीचे जातात. हे खरं होतं. फटिक त्यांना ते देई, त्यांच्या बापालाही फटिकचा बाप देई. शोधूनही यात लपवाछपवी सापडली नसती, कारण फटिक ते देताना सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणे, "घ्या, म्हातारबा. रक्त वाढेल, मग बोलायला जोर येईल."

"मी कलेजीला विकला गेलो, असं म्हणायचंय का तुम्हाला?" निवारणबाबूंनी सभेत विचारलं.

"मुळीच नाही," सान्याल म्हणाले. "पण पाहणाऱ्याला तसं वाटू शकतं. तुम्ही मत देता त्या दुकानात घेऊ नका, एवढंच."

"मग मी घेऊ कुठून?"

"जिथलं मत देत नाही तिथून."

"तिथलं वाईट असतं म्हणून तर मत देत नाही."

यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी निवारणबाबू उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. गल्लीसाठी मी मटण सोडतो." टाळ्या झाल्या. त्यांचा आवाज जरा बसला होता, पण टाळ्यांत ते कोणाला कळलं नाही. पुढचे पाच रविवार ते रिकामी पिशवी घेऊन आले, दीड मिनिट उभे राहिले, मत देऊन घरी गेले आणि पपईची भाजी जेवले.

सहाव्या रविवारी एका सभासदाने रास्त शंका काढली. निवारणबाबू आता खात नाहीत हे खरं, पण त्यांनी पूर्वी खाल्लं आहे. जिभेला आठवण असते. आठवण म्हणजे पूर्वग्रह. पूर्वग्रह असलेला माणूस निःपक्षपाती मत कसं देणार? इतकी साधी गोष्ट सव्वीस वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला: ज्याने चव घेतली तो पक्षकार, आणि पक्षकाराला मत देता येणार नाही.

निवारणबाबूंना शाल आणि नारळ देऊन निवृत्त करण्यात आलं. ते पुन्हा मटण घ्यायला मोकळे झाले, पण आता त्यांना रांगेत मागे वीट ठेवावी लागली, आणि सीना की रान हे कोणी विचारीना.

आता प्रश्न न खाल्लेल्यांचा. आमची गल्ली खाणाऱ्यांची. इथे बाळाच्या उष्टावणात माशाचं डोकं असतं. सान्यालांना एकदम सुचलं आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी, मागच्या खोलीत, त्यांच्या आत्याकडे गेलो. पिशीमा त्र्याहत्तर वर्षांच्या. चोविसाव्या वर्षी वैधव्य आलं, त्या माहेरी परतल्या, तेव्हापासून मांसमासळी बंद, कांदालसूणही बंद. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी.

"पिशी," सान्याल म्हणाले, "तुला समितीवर घेतोय. मटणाचं मत द्यायचं. एकोणपन्नास वर्षं तू बोट लावलेलं नाहीस. तुझ्याइतकं पात्र कोणी नाही."

पिशीमा हरभऱ्याची पानं निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"चोवीस वर्षांची होईपर्यंत खाल्लंय, भोबो. फटिकच्या बापाच्या दुकानातलं. जमाईषष्ठीला हे आले होते, तेव्हा नळी यांच्या ताटात वाढली. यांनी सगळ्यांदेखत ती उचलून माझ्या ताटात टाकली. आई केवढी चिडली होती." त्या थोडं हसल्या. "कशी होती ते विचारतोस? लिहून घ्या, गुप्तबाबू. शिजल्यावर हाडाला चिकटून राहणारं आणि जिभेवर सुटणारं. फटिक बापासारखाच कापतो. वाऱ्यावर वास येतो रविवारचा, मला कळतं."

मी लिहून घेत होतो. सान्याल म्हणाले, "नको लिहू. पूर्वानुभव आढळला."

"एकोणपन्नास वर्षांत मला कोणी मटणाचं विचारलं नव्हतं," पिशीमा म्हणाल्या. "आज विचारलंत, तेही खात नाही म्हणून." आणि त्या पुन्हा पानं निवडू लागल्या. मला तिथे उभं राहवेना. मी वही मिटली, पण मतावर काट मारायची ती मारलीच.

शेवटी तीन निष्कलंक माणसं सापडली. चौदा नंबरात नव्याने आलेले जन्माचे शाकाहारी भाडेकरू. सर्दीने नाक कायमचं गेलेले आणि पोटाच्या विकारामुळे लहानपणापासून पेजेवर असलेले एक होमिओपाथ. आणि गल्लीत न राहणारे, पण समितीचे आजीव सभासद असलेले एक वकील, तेही शाकाहारी. या तिघांनी चव वगळून मूल्यमापनाची शास्त्रीय पद्धत तयार केली. तिला नमुना क्रमांक सात म्हणतात. पहिले सहा नमुने कोणते हे अजून ठरायचं आहे.

नमुन्यात बत्तीस रकाने होते. दुकानापासून नळाचं अंतर. सुऱ्याच्या मुठीची लांबी. रांगेतील विटांची सर्वसाधारण अवस्था. बोकडाचा स्वभाव (हयातीतील). विक्रेत्याचा आवाज. ग्राहकास नकार दिल्याचे प्रसंग. दुकान अकारण बंद राहिल्याचे दिवस. चव हा रकाना नव्हता, कारण चव ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे.

मी नमुना घेऊन फटिककडे गेलो. दुपारची वेळ, दुकान धुऊन झालं होतं.

"बोकडाचा स्वभाव?" फटिकने वाचलं. "लिहा, माझ्यासमोर आला तेव्हा घाबरलेला होता."

"आणि नकार दिल्याचे प्रसंग?"

"रोजचे. सान्यालबाबूंनाही दिला होता जमाईषष्ठीला. म्हटलं, ही रान संध्याकाळच्या जेवणाची आहे, दीड तास मंद आचेवर लागेल, तुमच्याकडे धीर नाही, नेऊ नका. म्हणाले, निवारणदांनी सांगितलंय, दे. दिली. घरी जाऊन कुकरला लावली." त्याने नमुना परत केला. "तुम्हीच भरा, गुप्तबाबू. तुम्ही इतकी वर्षं खाताय, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. पण मी खाणारा होतो, म्हणून मला भरता येत नव्हता. मी तो अर्धा कोरा सादर केला.

निकाल दुर्गापूजेच्या आधी लागला. बिर्याणीवाल्याला बहात्तर गुण, मंजू केबिनला एकोणसत्तर. फटिकला एकतीस, शेरा, "तूर्त अपात्र." पहिला क्रमांक शंभरपैकी शंभर गुणांनी गल्लीच्या तोंडाशी होऊ घातलेल्या नव्या मटणाच्या दुकानाला मिळाला. ते अजून उघडलं नव्हतं. त्यामुळे तिथे कोणाला नकार दिलेला नव्हता, आवाज चढलेला नव्हता, आणि पांढऱ्या फरशीवर एक डाग नव्हता. तिन्ही परीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली.

इथपर्यंत हे सगळं आमचं घरगुती होतं. पण परवान्यांचं काम पाहणाऱ्या कचेरीतले एक साहेब मंजू केबिनमध्ये कटलेट खायला आले आणि त्यांना भिंतीवर शिक्क्याचा कागद दिसला. लोकसहभागाचं इतकं चांगलं उदाहरण त्यांनी पाहिलं नव्हतं. परवान्याच्या नूतनीकरणाला हा कागद जोडावा, असं त्यांनी तोंडी सांगितलं, आणि तोंडी सांगितलेलं असल्यामुळे त्याविरुद्ध अर्ज करता येईना. फटिकचा परवाना महिन्याने संपत होता. कागद नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर दुकान नाही. फटिकला मटण कापण्याशिवाय जगात दुसरं काही येत नव्हतं. हे तो स्वतःच सांगे, आधी अभिमानाने सांगे.

गल्लीचे धाबे दणाणले. सान्यालांनाही झोप लागेना; त्यांना जावयाचा राग होता, पण मटण तेही फटिककडचंच खात. त्यांनी नियमावली पालथी घातली आणि मार्ग काढला. अपात्र ठरलेल्याला अपील करता येतं. अपिलात साक्षीदार आणता येतात. साक्षीदार मात्र निःपक्षपाती हवेत, म्हणजे ज्यांनी ते मटण कधी खाल्लेलं नाही असे.

"असा माणूस गल्लीत कोण आहे?" मी विचारलं.

"कायद्याच्या दृष्टीने म्हणशील तर," सान्याल म्हणाले, "जो लिहून देईल तो."

मसुदा त्यांनीच केला. मी टाइप केला. तो असा होता: "मी खाली सही करणार शपथेवर लिहून देतो की फटिक माइती याच्या दुकानातील मटण मी आजतागायत कधीही खाल्लेले नाही, आणि ते अतिशय उत्तम असते."

आमच्या गल्लीवर मला तेव्हा इतका जीव लागला की सांगता येत नाही. लोक रांगेने आले. पन्नास वर्षं ज्या घरात दर रविवारी फटिककडची पिशवी गेली, त्या घरांतले कर्ते पुरुष येऊन लिहून देत होते की आम्ही त्या गावचेच नाही. भादुडी आले. मंजू केबिनचा मालक आला. सान्यालांनी स्वतः सही केली. निवारणबाबू सर्वांत शेवटी आले. त्यांनी चष्मा पुसला आणि मसुदा दोनदा वाचला.

"पस्तीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले," ते म्हणाले. "एक खोटी नोंद केली नाही."

"माहीत आहे, निवारणदा."

"द्या इकडे." त्यांनी सही केली. मग मी माझी केली. एकूण प्रतिज्ञापत्रं दोनशे बारा झाली. एकही घर मागे राहिलं नाही.

सुनावणी रविवारी सकाळी दहाला ठेवली, म्हणजे सगळ्यांना मटण घेऊन येता यावं. समितीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि बऱ्याच खुर्च्यांखाली पिशव्या होत्या. फटिक धुतलेला सदरा घालून भिंतीशी उभा होता. मी त्याला सदऱ्यात कधी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेबांनी गठ्ठा मोजला, शिक्के पाहिले, सह्या पाहिल्या. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

"सर्व साक्षीदार ग्राह्य आहेत," ते म्हणाले. फटिकच्या खांद्यावर कोणीतरी थाप मारली. "आता एक सांगा, सहचिटणीस. या गल्लीत एकूण कुटुंबं किती?"

"दोनशे बारा."

"आणि या दुकानातून कधीही काही न घेतलेली?"

मी वहीत पाहिलं, जणू काही तिथे वेगळा आकडा निघणार होता. "दोनशे बारा," मी म्हणालो.

"म्हणजे या दुकानाला आजवर एकही गिऱ्हाईक लाभलेलं नाही." त्यांनी इतर दोघांकडे पाहिलं. होमिओपाथांनी मान डोलावली. "मग अपात्र ठरवल्याने अर्जदाराचं नुकसान काय झालं? आणि गिऱ्हाईक नसताना हा माणूस दर रविवारी बोकड का कापतो? ही बाब तर कचेरीला कळवावी लागेल."

आता कोणी तरी उठून म्हणायला हवं होतं की साहेब, हे खोटं आहे, आम्ही खाल्लंय, जन्मभर खाल्लंय, आत्ताही खुर्चीखाली आहे. पण उठणाऱ्याचं शपथपत्र खोटं ठरणार होतं, आणि आमच्यापैकी बहुतेकांना पेन्शन आहे. निवारणबाबू खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले. त्यांच्या सुनेने त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं.

फटिकने एकेकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"गुप्तबाबू, गेल्या रविवारी सीना नेलात ना? कसा होता?"

मी वहीत तारीख लिहीत होतो, ती लिहीत राहिलो. मला लाज वाटली. अजून वाटते. पण मी सहचिटणीस होतो, आणि प्रश्न अर्जदाराने थेट विचारला होता. तो अध्यक्षांच्या मार्फत यायला हवा होता.

"बरा असेल," फटिक म्हणाला आणि बाहेर गेला.

आता तो मेदिनीपूरकडे गावी, दुसऱ्याच्या पानमळ्यात रोजाने राबतो. दहा बाय आठच्या त्या जागेला कुलूप आहे. शंभर गुणांचं दुकान अजून उघडलेलं नाही; उघडल्यास गुण कमी होतील, अशी मालकाला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. रविवारी आम्ही अंड्याचा रस्सा करतो. निवारणबाबू फारसे बाहेर पडत नाहीत. पिशीमांनी मला मागच्या आठवड्यात विचारलं, "रविवारचा वास येईनासा झाला, गुप्तबाबू. माझं नाक गेलं का?" मी म्हणालो, "हो पिशीमा, वयोमानाने होतं."

सान्याल मात्र हरलेले नाहीत. त्यांनी नियमावलीत आणखी एक कलम शोधून काढलं आहे: दुसरं अपील करता येतं, आणि ते गल्लीबाहेरच्या माणसांपुढे चालतं. त्या माणसांनी फटिकच्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नसावं, त्याच्या मटणाचा तुकडा तोंडात घातलेला नसावा. फक्त कागद वाचावा आणि ठाम मत द्यावं. त्या माणसांसाठी सगळी हकीकत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, ते मी इथे पुरं केलं आहे.

तुम्ही इथवर वाचलंत. फटिकचं मटण उत्तम होतं याबद्दल तुमच्या मनात आता तिळमात्र शंका नाही, ते तिघे परीक्षक मूर्ख आहेत याबद्दलही नाही. तुम्ही काहीच खाल्लेलं नाही, आणि मी एकदा शपथेवर खोटं लिहून दिलं आहे, हेही तुम्हाला माहीत आहे. समितीने तुमची पात्रता पूर्ण धरली आहे. सही खाली करा.